ओनोटोची शाई आणि साम्राज्याचा शिक्का

मार्च २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये एक विलक्षण वादळ उठले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल ब्रिटिश जनतेने २०१६ मध्ये दिला होता आणि त्या निर्णयाची दृश्य खूण म्हणून पारपत्राचा गडद तांबडा रंग टाकून देऊन जुना निळा रंग परत आणण्याची घोषणा सरकारने मोठ्या थाटाने केली होती. राष्ट्राभिमानाचे हे निळे पुस्तक छापायचे कंत्राट मिळाले कोणाला? जेमाल्टो या फ्रेंच-डच कंपनीला! पुढे ही पारपत्रे पोलंडमध्ये तयार होऊ लागली. तोवर ब्रिटिश पारपत्रे छापणारी डे ला रू ही अस्सल इंग्रजी कंपनी मात्र हात चोळीत बसली. तिच्या प्रमुखाने आकाशवाणीवरून पंतप्रधानांना व गृहमंत्र्यांना आमंत्रण दिले, की त्यांनी कारखान्यात यावे आणि हा निर्णय कामगारांना समोरासमोर समजावून सांगावा. सरकारचे उत्तर ठरलेले होते. निविदा खुली होती, किंमत कमी होती, करदात्याचा पैसा वाचला.

या उत्तरात वावगे काय, असा प्रश्न आपल्याकडील मुक्त अर्थव्यवस्थेचे भाष्यकार विचारतील. भांडवलाला देश नसतो, वस्तू कोठे बनते याला महत्त्व नाही, ग्राहकाला स्वस्त आणि चांगले मिळाले म्हणजे झाले, हे पाठ त्यांनी इंग्रजी पुस्तकांतूनच गिरवले आहेत. हे पाठ ज्या देशाने जगाला पढवले, त्या देशातील ही कंपनी कशी वाढली, तिने काय घडवले आणि काय गमावले, याचा हिशेब मात्र त्या पुस्तकांत सापडत नाही. तो हिशेब मांडण्यासाठी नोटा आणि पारपत्रे क्षणभर बाजूला ठेवून एका लहानशा वस्तूकडे वळावे लागते. ती वस्तू म्हणजे फाउंटन पेन, मराठीने जिला ‘झरणी’ हा गोड शब्द दिला ती. डे ला रूच्या पेनाचे नाव होते ओनोटो.

थॉमस डे ला रू हा मूळचा गर्न्सी बेटावरचा मुद्रक. १७९३ साली जन्मलेला हा मनुष्य १८२१ मध्ये लंडनला आला, गवताच्या टोप्या विकून पाहिल्या आणि अखेर आपल्या मूळ विद्येकडे वळून पत्ते छापू लागला. १८३१ मध्ये पत्ते छापण्याच्या नव्या पद्धतीचे राजपत्र त्याला मिळाले. त्याचा मुलगा वॉरन हा तर खराखुरा वैज्ञानिक होता. पाकिटे घड्या घालून तयार करणारे त्याचे यंत्र १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात गाजले आणि १८६० चे खग्रास सूर्यग्रहण त्याने स्पेनमध्ये जाऊन छायाचित्रित केले. घराण्याच्या बुद्धिमत्तेविषयी आणि कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. या बुद्धिमत्तेला भांडवल कोणी पुरवले?

बाजाराने ते पुरवले नाही. ते पुरवले राज्यसत्तेने. १८५३ मध्ये ब्रिटिश महसूल खात्याचे महसुली तिकिटे छापण्याचे काम डे ला रूकडे आले, १८५५ मध्ये चार पेनीचे टपाल तिकीट आले आणि १८८० पासून ब्रिटनच्या तिकिटांची जवळपास मक्तेदारीच तिच्या हाती गेली. वसाहतींची तिकिटे त्याशिवाय. अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची पाच सेंटची तिकिटेही याच कंपनीने छापून दिली. पैसे मिळाले, काम केले. मुक्त व्यापाराच्या तत्त्वज्ञानात नीतीचा रकाना कोठे असतो, हे यावरून समजावे.

आणि हिंदुस्थान? येथील कथा तर प्रत्येक शालेय पुस्तकात असायला हवी होती. १८५४ मध्ये सर्व हिंदुस्थानासाठी पहिली टपाल तिकिटे निघाली, ती लंडनहून आलेली नव्हती. कलकत्त्यात, सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, कॅप्टन थुइलियर याच्या देखरेखीखाली ती शिळामुद्रणाने छापली गेली. तांबड्या शाईचा विलायती साठा संपला, पर्यायी शाईने काम भागेना, तेव्हा अर्ध्या आण्याचे तिकीट निळ्या शाईत छापण्यात आले. अडचणी आल्या आणि त्या येथल्या येथे सोडवल्या गेल्या. चार आण्यांचे तिकीट तर दोन रंगांत छापले गेले. काही प्रतींत राणीचे मस्तक उलटे पडले म्हणून जगभरचे संग्राहक आज त्या तिकिटाच्या मागे धावतात, पण त्या काळी दुरंगी तिकीट काढणे हेच मोठे धाडस होते. म्हणजे येथे कागद होता, दगड होता, कारागीर होते आणि काम शिकण्याची हिंमतही होती. तरीही १८५५ पासून हिंदुस्थानची तिकिटे लंडनमध्ये डे ला रूकडे छापायला जाऊ लागली. त्यांची छपाई अधिक सुबक होती, बनावटीला आळा घालणारी होती, हे खरे. परंतु तशी यंत्रे कलकत्त्याला आणता आली नसती काय? ती आणली नाहीत, कारण ती आणायचीच नव्हती. पुढची सत्तर वर्षे हिंदुस्थानातील प्रत्येक पत्रावर चिकटलेल्या तिकिटाची छपाईची मजुरी समुद्रापार जात राहिली. नाशिकचे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभे राहिले ते १९२५ मध्ये आणि तेथे छापलेली तिकिटे वापरात आली ती १९२६ मध्ये.

याच काळात, १८९६ पासून, हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसलेला होता. मँचेस्टरच्या मालावर आयात-जकात बसते म्हणून तिला समतोल करायला हा कर! तोही नाशिकच्या मुद्रणालयाच्याच सुमारास रद्द झाला. साम्राज्य सैल पडू लागल्यावर या गोष्टी एकामागून एक सुचल्या, हा योगायोग समजणाऱ्यांनी खुशाल समजावा.

तर, अशा सरकारी कामाच्या आधारावर पोसलेल्या या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेखणीच्या धंद्यात पाऊल टाकले. त्या वेळी जगातील पोलादी निबांची राजधानी बर्मिंगहॅम होती. जोसेफ जिलॉट, जोसाया मेसन यांच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया दाबयंत्रांवर निबे पाडीत आणि जगभरची दप्तरे त्या निबांनी लिहिली जात. पण दौतीत बुडवायचा टाक मागे पडत चालला होता. अमेरिकेत वॉटरमनचे, पार्करचे पेन पुढे आले. लंडनमध्ये गाजलेले ‘स्वान’ पेनही मूळचे मेबी टॉड या न्यूयॉर्कच्या कंपनीचे. १९०५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली कॉनवे स्ट्युअर्टसुद्धा सुरुवातीला प्रामुख्याने अमेरिकी बनावटीची पेनेच विकत होती. ज्या ब्रिटिश पेनांच्या वारशाचे आज गोडवे गायले जातात, त्यांतील बराच वारसा अटलांटिक ओलांडून आलेला होता, हे ध्यानात ठेवणे बरे.

ओनोटो याला अपवाद ठरले. जॉर्ज स्वीट्सर याने शोधलेली भरणपद्धती घेऊन डे ला रूने १९०५ मध्ये हे पेन बाजारात आणले. त्यापूर्वी पेन भरायचे म्हणजे ते उघडून काचेच्या पिचकारीने शाई सोडायची; बोटे, कपडे आणि टेबल यांची जी अवस्था होई ती वेगळी सांगायला नको. ओनोटोच्या शेपटाची कळ फिरवून आतील दांडा बाहेर ओढायचा, निब शाईत बुडवायची आणि दांडा एका दमात आत दाबायचा. दट्ट्या खाली सरकताना त्याच्या मागे पोकळी तयार होई. नळीच्या टोकाशी आतला व्यास रुंद केलेला असल्यामुळे दट्ट्या तेथे पोहोचताच ती पोकळी मोकळी होऊन शाई एका झटक्यात वर खेचली जाई. काम एवढ्यावर संपत नव्हते. कळ घट्ट फिरवली, की निबेकडे जाणारा मार्गच बंद होई. पेन खिशात आडवे, उलटे, कसेही राहो, शाई गळत नसे. लिहायचे तेव्हा कळ थोडी सैल करायची. साधी युक्ती, पण हातात पेन धरणाऱ्या माणसाचा त्रास ज्याने जाणला होता त्यालाच सुचलेली. ओनोटो हे नाव कोणत्याही भाषेत सहज उच्चारता यावे असेच होते, आणि मराठी जिभेलाही ते जड जात नाही. १९१५ मध्ये फ्रान्समधील रणभूमीवर गेलेल्या विन्स्टन चर्चिल यांचे ओनोटो हरवले तेव्हा दुसरे पाठवण्याविषयी त्यांनी पत्नीला पत्राने कळवले होते.

ज्याचा राग करायचा त्याच्या कारागिरीचे कौतुक का करावे, असे एखाद्या वाचकाला वाटेल. राग कारागिरीवर नाहीच. उत्तम वस्तू घडवणे ही कोणत्याही समाजाची संपत्तीच असते. ओनोटोचा खरा प्रश्न आहे तो असा, की ही वस्तू ज्यांच्या हाती पडली त्यांनी तिचे काय केले आणि ज्यांनी ती घडवली त्यांनी पुढे तिचे काय केले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जपानमध्ये मिळते. टोकियोची मारुझेन ही पेढी विलायती पुस्तकांबरोबर डे ला रूची पेनेही विकत असे. आधुनिक जपानी कादंबरीचा अध्वर्यू नात्सुमे सोसेकी हा त्या पेढीचा ग्राहक. सोसेकी १९०० ते १९०२ या काळात लंडनमध्ये शिकून आला होता आणि तेथील एकाकी, कुचंबलेल्या दिवसांच्या कडू आठवणी घेऊन परतला होता. ओनोटोपूर्वी डे ला रूचे ‘पेलिकन’ नावाचे पेन होते. ते सोसेकीने घेतले आणि त्याने इतका वैताग आणला, की तो पुन्हा दौत-टाकाकडे वळला. पुढे मारुझेनशी संबंधित लेखक उचिदा रोआन याने त्याला ओनोटो दिले आणि ते मात्र त्याच्या हाताला बसले. १९१२ मध्ये ‘मी आणि फाउंटन पेन’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक लेखच त्याने लिहून टाकला. जपानात ओनोटोचा बोलबाला वाढण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

एवढ्यावर थांबला असता तर जपान आणि इतर आशियाई बाजारपेठा यांत फरक उरला नसता. विलायती पेन खिशाला लावून मिरवणारे बाबू सर्वत्र होतेच. पण जपानी कारागीर पेनाकडे पाहून केवळ हरखला नाही. त्याने ते उघडले. १९११ मध्ये कुरे या बंदराच्या गावी साकाता क्युगोरो याने पेन घडवण्याचा उद्योग आरंभला, तोच पुढे ‘सेलर’ झाला. एका ब्रिटिश खलाशाने आणलेले पेन पाहून त्याला ही प्रेरणा झाली, असे ती कंपनी सांगते. नामिकी र्योसुके या नौकानयन शाळेतील अध्यापकाने सोन्याची निब देशातच घडवण्याचा ध्यास घेतला आणि १९१८ मध्ये कंपनी काढली, ती आजची ‘पायलट’. १९१९ मध्ये ‘प्लॅटिनम’ची पायाभरणी झाली. त्या काळी पेने इबोनाइट या कठीण रबराची असत आणि उन्हाने, घामाने ती विटून तपकिरी पडत. जगभरचे पेन-कारखानदार हा दोष सोसत होते. नामिकीच्या मंडळींनी त्यावर आपल्या देशातील उरुशी लाखेचा लेप दिला. पूर्वजांची विद्या नव्या यंत्राच्या कामी आली आणि मग त्या लाखेवर सोन्याच्या भुकटीने चित्रेही उमटू लागली. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल या उंची मालाच्या पेढीने नामिकीशी करार केला आणि ही जपानी पेने लंडनच्या धनिकांना विकू लागली. ओनोटो निघाल्याला तेव्हा अवघी पंचवीस वर्षे झाली होती.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास देशी पेन घडवायला घेतले. १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र पाठवून ते पेन विदेशी पेनांना चांगला पर्याय असल्याची पावती दिली. ते पेन हाताने कातलेले, एकेक करून घडवलेले. फरक एवढाच, की नामिकीच्या पाठीशी एक स्वतंत्र राष्ट्र उभे होते आणि रत्नम यांच्या डोक्यावर परक्यांचे राज्य होते. ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांनी दोन्ही उद्योगांचा पुढील व्याप तपासून पाहावा.

आता दुसरा प्रश्न. ज्यांनी ओनोटो घडवले त्यांनी त्याचे काय केले?

१९११ मध्ये ब्रिटिश टपाल तिकिटांचे मोठे काम डे ला रूच्या हातून निसटून हॅरिसन या कंपनीकडे गेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, डे ला रू घराणे धंद्यातून बाहेर पडले. १९२७ मध्ये पेनांचा कारखाना लंडनमधील बनहिल रो येथून स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, स्ट्रॅथेंड्री येथे नेण्यात आला. हे स्थलांतर काही अर्थाने लाभाचे ठरले. १९४० मध्ये जर्मन विमानांनी बनहिल रोचा परिसर बेचिराख केला, तेव्हा पेनांची यंत्रे तेथे नव्हती. या वर्षांत ब्रिटनचे व्यापारधोरण काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ज्या देशाने शंभर वर्षे जगाला मुक्त व्यापाराचे कीर्तन ऐकवले, त्या देशाने १९३२ मध्ये आयात-जकातींचा कायदा करून बहुतेक परदेशी मालावर दहा टक्के कर बसवला आणि त्याच वर्षी ओटावा येथे साम्राज्यांतर्गत सवलतींची कुंपणे घातली. ‘ब्रिटिश माल घ्या’ ही चळवळ तर सरकारी आशीर्वादाने चालली. लंडनमध्ये स्वदेशीचा प्रचार हे राष्ट्रकर्तव्य, आणि मुंबईत विदेशी कापडाची होळी म्हणजे राजद्रोह. या दुटप्पीपणावर आपल्या इतिहासकारांनी लिहिले आहे. पण अर्थशास्त्र्यांनी त्याची दखल किती घेतली?

दुसरे महायुद्ध संपता संपता बॉलपेन आले. लास्लो बिरो या हंगेरियन संशोधकाचे ते अपत्य. १९४४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलासाठी माइल्स मार्टिन या कंपनीने तीस हजार बॉलपेने बनवली, कारण उंचावर शाईची पेने गळत आणि ही गळत नसत. म्हणजे बॉलपेनाच्या कारखानदारीत ब्रिटन जगाच्या आघाडीवर होते. पुढे काय झाले? स्वान पेनांची मेबी टॉड ही कंपनी माइल्स मार्टिनच्या ताब्यात गेली, तिचे ‘बिरो स्वान’ झाले आणि १९५७ मध्ये ‘बिरो स्वान’ फ्रान्सच्या बिकने गिळले. बॉलपेनाला इंग्रजीत आजही ‘बायरो’ म्हणतात, पण ती मालकी पॅरिसकडे गेली. त्यानंतर एका वर्षाने, १९५८ मध्ये, डे ला रूने ब्रिटनमधील ओनोटोचे उत्पादन बंद केले.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. बॉलपेन स्वस्त होते, सोयीचे होते, लोकांनी ते पसंत केले. त्यात सरकारने आणि कंपनीने करायचे काय? आक्षेपात तथ्य आहे. शाईच्या पेनाचा बाजार आकसणारच होता. पण आकसलेल्या बाजारातही जपानचे तिन्ही कारखाने जगले, जर्मनीतील पेलिकन आणि माँ ब्लाँ जगले, आणि आजही त्यांची पेने विकली जातात. त्यांनी आपली विद्या मोडीत काढली नाही. डे ला रूची अवस्था हलाखीची होती म्हणूनही ओनोटो बंद पडले नाही. नोटांच्या छपाईतून आणि फॉर्मायका या नव्या लॅमिनेटच्या धंद्यातून ती भरभराटीला आलेली होती. टेबलावर चिकटवायच्या तक्त्यात नफा जास्त दिसला आणि त्या टेबलावर ठेवायच्या पेनात कमी. पन्नास वर्षे एका वस्तूवर मुरलेले हात हिशेबवहीतील एका ओळीने निकाली निघाले. भांडवलाला देश नसतो हे खरे असेल, पण त्याला स्मृतीही नसते, हे त्याच्या भाटांनी सांगायला हवे होते. सत्तर वर्षांच्या हिंदी तिकिटांच्या मजुरीतून, वसाहतींच्या सक्तीच्या कामातून जे भांडवल साठले, ते आपल्याच देशातील कारागिराच्या पाठीशीसुद्धा उभे राहिले नाही.

कॉनवे स्ट्युअर्ट १९७५ मध्ये बंद झाली. अमेरिकेच्या पार्करने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यूहेवन येथे उभारलेला कारखाना दीर्घकाळ चालला, पण पार्कर एका अमेरिकी मालकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि २००९ मध्ये तो कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. काम फ्रान्सला गेले. या पेनांवर इंग्लंडच्या राणीच्या राजाश्रयाची मोहोर होती. २००५ मध्ये काही मंडळींनी ओनोटोचे नाव घेऊन नवी कंपनी काढली. मर्यादित संख्येत, चांदी-सोन्याने मढवलेली, शेकडो पौंडांची पेने ती विकते. ती चांगली असतात. पण शाळामास्तर, कारकून आणि सैनिक यांच्या खिशातील ओनोटो संग्राहकाच्या पेटीत गेले; राष्ट्रीय उद्योगाचा ‘वारसा’ होतो तो असा.

आणि डे ला रू? तिच्या आणि आपल्या संबंधांचा दुसरा अध्याय स्वातंत्र्यानंतर लिहिला गेला आणि त्यात दोष केवळ इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. आरंभच कसा झाला पाहा. गांधीजींच्या स्मरणार्थ १९४८ च्या स्वातंत्र्यदिनी निघालेली चार तिकिटे, स्वदेशीच्या उद्गात्याची तिकिटे, छापून आली स्वित्झर्लंडहून! फोटोग्रॅव्ह्युअरची यंत्रे नाशिकला तेव्हा नव्हती, ही सबब खरी होती. पण चार महिने थांबून नाशिकला जसे जमेल तसे छापले असते तर महात्म्याचा अपमान झाला असता काय? कलकत्त्याच्या १८५४ च्या दुरंगी तिकिटाइतकी हिंमत तरी दाखवायला हवी होती.

१९९७-९८ मध्ये तर कमाल झाली. नोटांचा तुटवडा पडला म्हणून परदेशात ३६० कोटी नोटा छापून घेण्यात आल्या. शंभर रुपयांच्या २०० कोटी नोटांचे काम अमेरिकन बँकनोट कंपनी आणि डे ला रू यांच्यात वाटले गेले; त्यात डे ला रूचा वाटा १३६ कोटी ५० लाख नोटांचा. पाचशेच्या १६० कोटी नोटा जर्मनीच्या कंपनीच्या गटाने छापल्या. एकूण दर्शनी मूल्य एक लाख कोटी रुपये. संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने २०१० मध्ये यावर कठोर ताशेरे ओढले. देशाच्या चलनाचे ठसे तीन परक्या देशांत एकाच वेळी फिरत होते, याचा अर्थ ज्याला कळत नाही त्याने सुरक्षेवर बोलू नये.

त्याच २०१० साली डे ला रूने स्वतः कबूल केले, की तिच्या एका कारखान्यातील काही कर्मचाऱ्यांनी कागदाच्या चाचण्यांच्या प्रमाणपत्रांत खोट्या नोंदी केल्या. तिच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. ग्राहकाचे नाव कंपनीने घेतले नाही, पण तो ग्राहक म्हणजे आपली रिझर्व्ह बँक असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. २०२३ मध्ये नोटांतील रंग बदलणाऱ्या सुरक्षा-धाग्याच्या पुरवठा-कराराविषयी केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. त्या कराराचा दुसरा पक्ष हीच कंपनी. कंपनीला आरोप मान्य नाहीत आणि दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. मात्र धागा परका, कागद परका आणि नोटेवर चित्र गांधीजींचे, हे वर्षानुवर्षे चालले, यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

सुदैवाने या कथेला दुसरी बाजूही आहे. होशंगाबादला नोटांच्या कागदाचा कारखाना १९६८ पासून होता, पण तो गरजेला पुरत नव्हता. २०१० मध्ये नोटांच्या कागदासाठी स्वतंत्र कंपनी स्थापून म्हैसूरला मोठा कारखाना उभारण्यात आला आणि २०१५ च्या सुमारास तेथून कागद निघू लागला. होशंगाबादलाही नवी यंत्रमाला बसली. हे काम १९५०-६० च्या दशकात पुरते झाले असते तर किती परकीय चलन वाचले असते, याची बेरीज कोणी तरी करावी. आणि नाशिकरोडचे ते १९२५ चे मुद्रणालय? भारतीय नागरिकाचे पारपत्र तेथे छापले जाते. चिप बसवलेली नवी पारपत्रेही तेथलीच.

गर्न्सीच्या मुद्रकाने उभारलेल्या कंपनीने २०२० मध्ये गेट्सहेड येथील नोटांची छपाई बंद केली. २०२४ मध्ये बनावटीला आळा घालणाऱ्या लेबलांचा आपला विभाग अमेरिकेच्या क्रेन कंपनीला विकण्याचा करार तिने केला आणि २०२५ मध्ये उरलेली डे ला रू अमेरिकेच्याच ॲटलस होल्डिंग्ज या गुंतवणूकदार कंपनीने सुमारे २६ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतली. लंडनच्या रोखे बाजारातील फलकावरून तिचे नाव उतरवण्यात आले.